डोळेवालीची मोसंबी

चादर पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक वन्संच्या हातात होतं, दुसरं माझ्या, आणि मधे पाण्याने जड झालेली दुहेरी चादर. निम्मं पाणी अजून तिच्यातच होतं, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि वन्संनी आपलं टोक सोडून दिलं. चादर सपशेल मातीत.

“अहो वन्सं, आता परत धुवायला तुमचा भाऊ येणार आहे का?” मी म्हटलं.

“जा, काट्यावरून उठवून आण त्याला,” असं म्हणत, ओले हात अंगावरच पुसत त्या फाटकाकडे निघाल्यासुद्धा. त्यांचा भाऊ म्हणजे माझे यजमान. फळांच्या वखारीत ते वजनकाट्यावर बसतात आणि दिवसभर दुसऱ्यांची संत्री, लिंबं तोलतात.

फाटकात एक तरुण बाई उभी होती आणि झाडाकडे बघत होती. त्यात नवल नव्हतं. आमच्याकडे येणारं कुणीही आधी झाडाकडे बघतं, मग माणसांकडे. अंगणाच्या मधोमध मोसंबीचं झाड, कपडे वाळत घालायची दोरी त्याच्याच फांदीला बांधलेली. त्या दिवसांत ते फुलावर होतं. वास इतका की स्वयंपाकघरात फोडणीलाही तो दबत नसे.

“डोळा हवाय ना?” वन्संनी विचारलं. “कुठल्या खुंटावर भरायचाय?”

“नाही मावशी. मी सरकारी रोपवाटिकेतून आलेय, तपासनीस आहे. चक्कीवाल्यांच्या बागेतले डोळे तुम्हीच भरलेत का?”

“मीच,” वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की पुढे काय वाढून ठेवलंय हे मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

वन्सं हे मी हाक मारते ते नाव. मुलं आत्या म्हणतात, यजमान ताई म्हणतात, आणि बाकी सगळी वस्ती त्यांना डोळेवाली म्हणते. मोसंबीची बी लावली तर झाड येतं, पण ते काटेरी निघतं आणि फळायला माणसाचा अंत बघतं. म्हणून जाणती माणसं आधी एखाद्या आंबट, रानवट जातीचं रोप वाढवतात. ते झालं खुंट. मग चांगल्या झाडाच्या कोवळ्या काडीवरून एक डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला गव्हाच्या दाण्याएवढा कोंब, सालीसकट काढून त्या खुंटाच्या सालीत बसवतात. त्याला म्हणायचं डोळा भरणं. डोळा जगला की वरचा खुंट छाटून टाकायचा. मुळं एकाची, फळं दुसऱ्याची.

वन्संनी भरलेला डोळा सहसा फुकट जात नसे. हाडाच्या मुठीचा छोटा मिटता चाकू, दगडावर लावून केसासारखा केलेला. खुंटाच्या सालीवर एक आडवी चीर, तिच्याखाली एक उभी. साल दोन बाजूंना अलगद उचलायची, जसं झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण आपण बघायला उचलतो. डोळा देठाला धरून आत सरकवायचा, कापलेल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही, आणि वरून पट्टी गुंडाळायची. काही दिवसांनी त्या देठाला नुसता धक्का लावायचा. देठ टपकन गळला तर डोळा लागला. वाळून चिकटून राहिला तर मेला.

यावरून घरात थट्टेला अंत नव्हता. दुपारी आत्या जरा आडवी झाली की मुलं ओरडायची, “आत्याचा डोळा लागला! देठ हलवून बघा!” आणि एकदा तर एक म्हातारे गृहस्थ लेकीचा हात धरून चाचपडत आमच्या दारात आले. डोळेवाली बाई इथेच राहते ना, मोतीबिंदू झालाय, नवा डोळा बसवून मिळेल का? लेक लाजेने अर्धी झाली. वन्संनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि गंभीरपणे म्हणाल्या, “मिळेल की बाबा. पण पाय मातीत पुरून तीन वर्षं उभं राहावं लागेल.” म्हातारे इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण हे सगळं नंतरचं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वन्सं माहेरी परत आलेल्या होत्या. नवरा संसाराच्या सुरुवातीलाच तापाने गेला. मूल नव्हतं. सासरच्यांनी दिवस उलटू दिले आणि मग गाडीत बसवून दिलं. सासूने त्या घरात त्यांना कधी गोड शब्द दिला नव्हता. निघताना मात्र ती परसात गेली, आपल्या मोसंबीच्या झाडाच्या चार काड्या तोडल्या, पानं छाटली, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि पिशवीत खुपसल्या. “हे तुझं,” एवढंच म्हणाली. दुसरं काही दिलं नाही, वन्संनी मागितलंही नसतं.

वन्सं सांगायच्या, गाडीत त्या रडल्या नाहीत. दर मुक्कामावर उतरून फडकं ओलं करायचं काम होतं ना, त्यात वेळ गेला.

माहेरच्या अंगणात मधोमध जंबेरीचं झुडूप होतं, खरबरीत सालीच्या आंबटढोण लिंबाचं. वन्संनी सासरी असताना माळ्याला डोळे भरताना पाहिलं होतं, तेवढ्या शिदोरीवर त्यांनी त्या झुडपाच्या फुटव्याला डोळे भरले. तीन मेले, एक लागला. तो एक म्हणजे अंगणातलं झाड.

पहिलं फळ त्यांनी देवापुढे ठेवलं आणि मग आठ जणांत वाटलं. पातळ साल, मधासारखा रस, आणि घशाखाली उतरल्यावर मागे किंचित कडूपण, जिभेला आठवण राहील एवढंच. ज्याने खाल्लं त्याने डोळा मागितला. शेजारी आले, शेजाऱ्यांचे पाहुणे आले, आणि परत आलेली बाई म्हणून जिच्याकडे बघताना लोक आवाज खाली आणायचे तिला लोक गाडी पाठवून न्यायला लागले. देवाने हिच्या हाताला गुण दिलाय, असं मी स्वतः कितीदा म्हटलं असेल.

मला त्या कधी कधी भाजी निवडताना सांगायच्या, “वहिनी, मोसंबीचं झाड मरतं, पण मोसंबी मरत नाही बघ. हे लिंबा-संत्र्यांचं कुळ मुळात कुठल्याशा डोंगरउतारावरच्या रानातलं. व्यापाऱ्यांच्या गाठोड्यातून, गलबतांतून फिरत फिरत जगभर गेलं. पण ही आपली जी आहे ना, ही पहिल्यांदा ज्या झाडाला लागली, तेच झाड हे. डोळ्यातून डोळ्यात उतरत आलंय. माझी सासू, तिची सासू, सगळ्या गेल्या. हे तेच आहे.” मला त्यात देवाची लीला दिसायची. अजून दिसते, पण आता ती बघायला धीर लागतो.

मधे एक खराब काळ आला. लागोपाठ ओली वर्षं गेली, बुंध्यांशी पाणी साचायला लागलं आणि जंबेरीवरच्या झाडांना डिंक्या लागला. जमिनीलगतच्या सालीतून डिंक पाझरायचा, साल कुजायची, झाड जायचं. आमचं झाड उंचवट्यावर म्हणून वाचलं. तेव्हा शहाण्या माणसांनी सल्ला दिला, खुंट बदला, कडू नारिंगाचा घ्या. त्याला डिंक्या होत नाही. सल्ला खरा होता. वन्संनी नारिंगाची रोपं वाढवली आणि तेव्हापासून सगळे डोळे नारिंगावर भरले. झाडं कशी जोमाने वर आली! चक्कीवाल्यांनी तर चक्कीमागचा सगळा तुकडा मोसंबीने भरून टाकला. डोळे आमच्या झाडाचे, हात वन्संचा.

आणि गेल्या वर्षापासून चक्कीवाल्यांची झाडं वाळायला लागली. हळूहळू नाही. आज पानं जरा मलूल दिसतात म्हणावं, तर महिन्याभरात झाड उभ्याचं उभं वाळून जायचं, फळं तशीच लटकलेली, लहान आणि कोरडी. आधी कुंपणालगतची गेली. कुंपणापलीकडे त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं सायकलदुरुस्तीचं दुकान. कुंपणापाशी तेलाचा एक रिकामा डबा सापडला. झालं. चक्कीवाल्यांना जन्मभर चक्कीच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळे घरातलं भांडणही चार गल्ल्यांत ऐकू गेलं.

“तू मुळांत तेल ओतलंस!”

“दादा, अरे सायकलींना तेल पुरेना, झाडांना कुठून ओतू?” धाकटा म्हणायचा. पहिल्यांदा तो हसून म्हणाला होता. नंतर हसणं गेलं. नंतर दोघांच्या बायकांचं बोलणं गेलं, मुलांचं खेळणं गेलं. म्हातारी आई थोरल्याकडे असायची, तिला धाकट्याच्या दारात जायची बंदी झाली. ती चक्कीच्या पायरीवर बसून सायकलच्या दुकानाकडे बघत राहायची. दळण घेऊन गेलं की दिसायची.

तपासनीस बाई चक्कीवाल्यांच्या बागेतूनच आली होती. तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेला सालीचा तुकडा काढला. “खुंट आणि डोळा जिथे जुळतो ना, त्याच्या जरा खालची साल आहे ही. आतली बाजू बघा.”

वन्संनी तुकडा हातात घेतला, उजेडाकडे धरला, मग माझ्याकडे दिला. आतल्या गुळगुळीत बाजूवर बारीक बारीक भोकं होती, खूप जवळजवळ. जुन्या कपड्याची शिवण उसवल्यावर सुईची भोकं राहतात ना, तशी.

“तेल नाही न बिल नाही,” बाई म्हणाली. “हा रोग आहे. मोसंबीच्या डोळ्यातून येतो. वरचं झाड नारिंगाच्या खुंटाला आतून तोडतं, मुळं उपाशी मरतात. मला ज्या झाडाचे डोळे घेतले ते बघायचंय.”

“ते हे काय समोर आहे,” वन्सं म्हणाल्या. “बघ ना. एक पान पिवळं दाखव.”

बाईने आमच्या झाडाच्या बुंध्याशी बसून सालीची छोटीशी खिडकी कापली. मी वन्संच्या मागे उभी होते. त्यांची पाठ ताठ झाली होती. साल उचलली. आत दुधासारखी स्वच्छ. एक टोचा नाही.

“बघितलंस?” वन्सं म्हणाल्या. आवाज चढला होता, आनंदाने. “माझ्या झाडाला काही नाही. चक्कीवाल्यांनी खत जास्त टाकलं असेल. त्यांना काहीही जास्तच टाकायची सवय आहे.”

बाई हसली नाही. “मावशी, हे जंबेरीवर आहे. जंबेरीला तो रोग सोसतो. अंगात असला तरी दिसत नाही.” तिने थोडी कोवळी पानं तोडली, पिशवीत घातली. “प्रयोगशाळेत पाठवते. कळलं की येते. तोवर या झाडाचा डोळा कुणाला देऊ नका. आणि चक्कीवाल्यांना मी अजून काही बोलले नाही.”

ती गेल्यावर आम्ही चादर उचलली आणि पुन्हा धुतली.  पिळताना वन्संनी इतका पीळ दिला की कापड करकरलं.

निकाल येईपर्यंत मी रोज देवापुढे बसले. पण खोटं कशाला लिहू, माझं मागणं सरळ नव्हतं. झाडाला रोग नसावा असं मागायला बसायचे, आणि असला तरी कुणाला कळू नये, यावर येऊन थांबायचे. मग डोळे उघडायचे आणि उठायचे, कारण असलं मागणं पुरं करता येत नाही.

त्याच दिवसांत कोपऱ्यावरची शिंपीण आली. तिच्या लेकीचं नवं घर झालं होतं, तिथे लावायला दोन डोळे हवे होते. खुंटाची कुंडी ती सोबतच घेऊन आली होती, नारिंगाची. तशी ती बोलकी.

“चला डोळेवाली बाई, काढा तुमची तलवार. लेक म्हणते, आई, सोन्याच्या बांगड्या नको पण ती मोसंबी पाहिजे.”

वन्संचा हात खिशातल्या चाकूकडे गेलेला मी पाहिला. सवयीचा हात, तो गेलाच. मग तो तिथेच थांबला.

“डोळे नाहीत,” त्या म्हणाल्या.

“नाहीत?” शिंपिणीने मान वर करून झाडाकडे पाहिलं. झाड नखशिखांत फुललेलं, मधमाश्या घोंघावतायत. “अहो, एवढं लगडलंय आणि डोळे नाहीत?”

“नाहीत म्हटलं ना.”

“असं का! मग सरळ सांगा की, तुला द्यायचा नाही म्हणून. चक्कीवाल्यांना सगळा मळा भरून दिलात. आम्ही काय, कपडे उसवून शिवणारी माणसं.” कुंडी काखेत मारून ती निघाली. फाटकातून वळून म्हणाली, “मोठेपण अंगाला लागलं की माणूस असंच होतं हो.”

वन्संनी फाटक लावून घेतलं. एरवी त्यांनी तिला तिथल्या तिथे असं काही सुनावलं असतं की शिंपीण हसत परत आली असती. त्या दिवशी त्या झाडाखाली जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या आणि वाळत घातलेले कपडे काढायला लागल्या, जे अजून ओले होते.

तपासनीस बाई परत आली तेव्हा यजमान घरी होते. तिने निकाल सांगितला. आमच्या झाडात रोग होता. किती जुना, ते सांगता येत नाही म्हणाली, पण बहुधा डोळ्यासोबतच आलेला.

म्हणजे ओल्या फडक्यात. म्हणजे “हे तुझं” म्हणून सासूने दिलं त्यात. हे तिघांच्याही मनात एकदमच आलं असणार, कारण तिघंही एकमेकांकडे न बघता झाडाकडे बघत होतो.

“तिला तरी कुठे माहीत,” वन्सं पुटपुटल्या.

“कुणालाच माहीत नव्हतं,” बाई म्हणाली. “समुद्रापलीकडे मोठमोठ्या बागांचे मुलूख होते. त्यांनीही डिंक्याला भिऊनच नारिंगाचे खुंट लावले होते. याच रोगाने उजाड झाले. मावशी, तुमचा हात वाईट नव्हता. पण झाड काढावं लागेल. नुसतं डोळे न दिल्याने भागत नाही. मावा असतो ना, पानांवरचा काळा किडा, तो रस पिऊन उडतो आणि दुसरीकडे नेऊन सोडतो. ज्यांच्याकडे अजून चांगली झाडं आहेत ती या एका झाडापायी जातील. बुंधासुद्धा ठेवू नका, फुटवा येतो. चक्कीवाल्यांना मी सांगू का?”

“नको,” वन्सं म्हणाल्या. “मी सांगेन.”

पण ती गेल्यावर यजमान उसळले. “काय सांगणारेस? माझ्यामुळे तुमची बाग बसली म्हणून? ताई, तो माणूस सख्ख्या भावाला सोडत नाही, तुला सोडेल? आज एक झाड गेलं की लोक म्हणतात नशीब. उद्या तुझं नाव कळलं की ज्याच्या दारात एक काडी वाळेल तो इथे येऊन ओरडेल.”

“आणि धाकट्याचं काय?”

“भाऊभाऊ आहेत. मिटेल त्यांचं.”

“तुझ्यावर मी असा आळ घेतला असता तर तू विसरला असतास?”

 यजमान हळू आवाजात म्हणाले, “ताई, या झाडावर तू उभी राहिलीस गं. ते तोडून, वर स्वतःच्या तोंडाने दवंडी पिटून, तुझ्याकडे काय राहील?”

 वन्सं ताटावरून उठल्या आणि ताट तसंच राहिलं. पुढचे काही दिवस घरात कुणी कुणाची थट्टा केली नाही. मुलंसुद्धा दुपारी आत्याच्या खोलीत डोकावून निघून जायची. एकदा मी गेले तर त्या अंथरुणावर बसून बोटं मोजत होत्या. मला वाटलं जप करतायत. जवळ गेले तर ऐकू आलं, “न्हाव्याच्या मागच्या अंगणात दोन. शाळेच्या कुंपणाला. दाईच्या घरी. दाईची बहीण…” कुठे कुठे डोळा भरला ती घरं. त्यांना सगळी पाठ होती. अंगठ्यावर जुने वण आहेत त्यांच्या, चाकूचे, एकावर एक. त्या वणांवरून बोट फिरवत होत्या.

काल सकाळी आम्ही दोघी बाजाराला निघालो. चक्कीच्या गल्लीत गर्दी दिसली. चक्कीवाल्यांनी गवंडी बोलावले होते. दोघा भावांच्या मधलं कुंपण उपटून तिथे भिंत घालायची होती. पायाचा चर निम्म्यावर खणून झाला होता, चरात मोसंबीची काळी, सुकलेली मुळं तुटून पडली होती. धाकटा चराच्या पलीकडे उभा होता, हात ग्रीसने माखलेले.

“घाल, घाल भिंत!” तो ओरडत होता. “एवढी उंच घाल की आईला माझं प्रेतसुद्धा दिसायला नको!”

“तुझं तोंड बघायला कोण बसलंय इथे?” थोरला, अंगभर पीठ, भुवयांवरसुद्धा. “झाडाला विष घालणारा उद्या माझ्या मुलांना घालेल!”

हे ऐकल्यावर धाकट्याचं अंग एकदम सैल पडलं. तो खाली बसला आणि ग्रीसच्या हातांनी तोंड झाकून रडायला लागला, भर रस्त्यात, मोठा माणूस. पायरीवरची म्हातारी उठायला गेली तर सुनेने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. गवंड्यांनी फावडी थांबवली. थोरला म्हणाला, “थांबलात का? उद्या भिंत उभी पाहिजे मला.”

 वन्सं गल्लीतूनच मागे फिरल्या. मी मागून जवळजवळ पळतेय.

“वन्सं, आत्ताच सांगा ना मग. तिथेच सांगा!”

“असं सांगू?” चालता चालता त्या म्हणाल्या. “इकडे झाड फुललेलं उभं आणि तिकडे मी सांगतेय की रोग माझ्याच झाडाचा? कुणाला खरं वाटेल? आणि वहिनी, ते झाड उभं असलं ना, तर मी गल्लीच्या तोंडावरून परत येईन. मला माझी खात्री नाही.”

घरी येऊन त्यांनी पडवीतली करवत काढली. मी आधी दोरीवरचे कपडे काढले, मग दोरी सोडली. गाठ इतक्या वर्षांची, सालीत रुतलेली, शेवटी कापावी लागली. कापायला त्यांनी स्वतःचा चाकू दिला.

मोसंबीचं लाकूड चिवट असतं. फांद्या आधी, मग बुंधा. करवतीच्या प्रत्येक ओढीला फुलं झडत होती, वन्संच्या केसांत, मानेवर, ओल्या घामाला चिकटत होती. मधमाश्या कितीतरी वेळ सोडून जाईनात. आत लाकूड फिकट पिवळं होतं आणि त्यालाही वास होता. मी हात लावायला गेले तर म्हणाल्या, “तू फांद्या ओढ. हे माझं आहे.” मग स्वतःच थांबल्या, जणू ते शब्द दुसऱ्याच कुणाच्या तोंडून आले होते, आणि पुन्हा करवत चालवायला लागल्या.

संध्याकाळी यजमान वखारीतून आले. फाटकातच थबकले. अंगणात इतका उजेड त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी डबा पायरीवर ठेवला, सदरा काढला, कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि बुंध्याभोवती खणायला लागले. ताईकडे पाहिलं नाही. खालची मुळं जंबेरीची, दूरवर गेलेली. ती तोडताना मात्र त्यांचा हुंदका मला ऐकू आला. तो कुदळीचा आवाज नव्हता.

आज सकाळी फांद्या जाळल्या. ओलं लाकूड, धूर फार झाला. शिंपीण रस्त्यात उभी राहून बघत होती, तोंडाला हात लावून. वन्सं स्वतः तिच्यापाशी गेल्या आणि जे होतं ते सांगितलं, राखेचे हात मागे धरून.  शिंपीण म्हणाली, “म्हणजे माझ्या कुंडीतसुद्धा हेच गेलं असतं?” आणि घाईने घरी गेली. ती वाईट मनाची बाई नाही. पण दुपार व्हायच्या आत सगळीकडे बोभाटा होईल.

मी देवाला आज काही मागितलं नाही. नुसती बसले. काय मागायचं ते आठवेना.

वन्सं आंघोळ करून आल्या, केस बांधले. चाकूला रोग चिकटून राहू नये म्हणून तो मेणबत्तीवर धरून तापवला, पुसला, मिटला, पण खिशात न टाकता फडताळात ठेवला. चक्कीवाल्यांकडे दुपारपर्यंत भिंत कमरेइतकी येईल, त्याआधी पोचायला हवं होतं.

“मी येऊ का?” मी विचारलं.

“तुझं काय काम तिथे?”

“दळण संपलंय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी, त्यांच्या तोंडाचा एक कोपरा जरासा हलला. “मग आण डबा. पण दळण मिळणार नाही हं आज, शिव्या मिळतील. त्या तुला चाळून घ्याव्या लागतील.”

डबा गव्हाने भरला आहे, झाकण लावलं आहे. वन्संनी चपला घातल्या, त्या फाटकात थांबल्या आहेत. आता चक्कीवर जायचं आहे.